शांतवनकाकांच्या गळ्यातली वीणा

लढाईला पाचवं वर्ष लागलं आणि आमच्या मुंबईच्या शाळेची इमारत सरकारनं आपल्या कामासाठी मागून घेतली. दुसरी जागा मिळेपर्यंत पंधरा दिवस शाळा बंद. बरोबरीच्या बायका कुणी माथेरानला गेल्या, कुणी माहेरी. मी नगरला काकांकडे गेले, आणि काकांनी मला बैलगाडीत घातलं. परत आल्यापासून जो तो विचारतो, "नगरकडे पाहण्यासारखं काय आहे हो?" एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून हे लिहायला घेतलं.

शांतवनकाका माझे सख्खे चुलते. धंद्यानं सुतार. गाडीची चाकं करण्यात आपला हात धरणारा नगरात कुणी नाही, असं ते स्वतःच सांगतात. ते चर्चचे पाळक नाहीत, उपदेशक नाहीत, आणि या कामाची दमडीही त्यांनी कधी कुणाकडून घेतलेली नाही. पण दरवर्षी सुगी उरकत आली की करवत खुंटीला टांगायची, सालोमीकाकूंना गाडीत बसवायचं, आणि आठ-दहा दिवस गावोगाव भजनं गात, येशूची गोष्ट सांगत हिंडायचं. याला ते फेरी म्हणतात. "चांगली बातमी कळली तर शेजाऱ्याला सांगतो का न्हाई आपन? मग झालं!" एवढंच त्यांचं शास्त्र.

माझं तसं नाही. मी जन्मानं ख्रिस्ती, रविवार सहसा चुकवत नाही. पण चारचौघांत देवाचं नाव काढायची वेळ आली की माझी दातखीळ बसते. ट्राममध्ये शेजारणीनं "तुम्ही कुठल्या?" म्हणून विचारलं तरी मी घाईघाईनं पावसापाण्यावर जाते. हे मी काकांना निघायच्या आधीच बजावून सांगितलं.

"तू नगं बोलू," काका म्हणाले. "तू पेटी वाजव. पेटीला काय लाज?"

मोगलाईचा नाका

आमच्या गाडीला दोन बैल. एक बाजारातून आणलेला, त्याचं नाव आधीपासूनच पवळ्या. दुसरा घरच्या गाईचा, म्हणून काकांनी त्याचं नाव बायबलातलं, मत्तय, ठेवलं आहे. मत्तय स्वभावानं आळशी. चढ आला की काका ओरडत, "मत्तया, ऊठ आन् चाल!" आणि वाटेवरचे लोक थांबून पाहत.

नगरहून जामखेडकडे जाताना मधे निजामाचा मुलूख लागतो. लोक त्याला मोगलाई म्हणतात. तिथल्या नाक्यावर एका जाडजूड कारकुनानं आमचं सामान उतरवायला लावलं. पिठाची पिशवी, लोणच्याची बरणी, काकूंचा औषधाचा डबा, सगळं झालं. मग त्याची नजर पेटीवर गेली. आत काय आहे, असं तो विचारू लागला. काका म्हणाले, आत सूर आहेत. या उत्तरानं त्याचा संशय वाढला. अखेर पेटी खरी आहे हे सिद्ध करायला मला भर उन्हात रस्त्यावर बसून ती वाजवावी लागली. भजनाची दोन कडवी झाल्यावर तो खुलला आणि सिनेमातलं काही येतं का म्हणू लागला. सोडताना त्यानं आम्हाला चार लिंबं दिली.

मुलूख उघडाबोडका आहे. मुंबईच्या डोळ्यांना आधी तो रिकामाच वाटतो. काळी रानं, काढलेली ज्वारी, शेताशेतात कडब्याच्या गंजी, बांधावर बोरी-बाभळी, आणि वर कुठेही न अडणारं आभाळ. दुसऱ्या दिवशी मला कळलं की मी एका तासात एकदाही अंग चोरून कुणाला वाट दिलेली नाही. मुंबईत हे सुख भाड्यानंही मिळत नाही.

खाण्याची चैन होती. हुरडा संपला होता, त्याबद्दल काका वाटभर हळहळत होते. पण काकूंनी तीन दगडांच्या चुलीवर हुलग्याचे शेंगोळे रटरटवले आणि वर लसणाचा ठेचा दिला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी वाटी पुढे करत होते. साखर तिकडेही नाही, पण तिच्यावाचून कुणाचं अडतही नाही. गुळाचा चहा पितळीतून भुरकायचा. आमच्याकडे रेशनच्या साखरेवरून जिन्यात भांडणं होतात.

खर्ड्याचा किल्ला दिसला तेव्हा मी उत्साहानं मराठे-निजामाच्या लढाईची हकीकत सांगू लागले, शाळेत शिकवते ना! काकांनी ती ऐकलीच नाही. ते सरळ दरवाजाशी गेले, लाकडावर हात फिरवला आणि म्हणाले, "ह्या मानसाला काम येत हुतं." इतिहासात त्यांना एवढंच हवं होतं.

चुकलेला मुहूर्त

खर्ड्याच्या पलीकडे दीड कोसावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं लाजाळू आहेत. सुगी झाली, लोक मोकळे असतील, या हिशेबानं काकांनी ते गाव निवडलं होतं. पण काकांच्या घरात पंचांग नाही. आम्ही पोचलो तो देवळापुढे मांडव, पताका, आणि टाळांचा गजर! गावात हरिनामाचा सप्ताह बसला होता आणि तो त्याचा चौथा दिवस होता.

सप्ताह म्हणजे काय ते वाचकांना ठाऊक असेलच, मला मात्र नीटसं नव्हतं. सात दिवस अखंड नाम चालतं. एकजण गळ्यात वीणा घालून उभा राहतो. त्याची पाळी संपली की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सात दिवसांत वीणा जमिनीला टेकता कामा नये. टेकली की सप्ताह मोडला.

"आता माघारी फिरा," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याच्या लग्नात आपली वरात कशाला?"

पण सप्ताहाचे प्रमुख, एक किडकिडीत बुवा, स्वतःच पुढे आले. आम्ही कोण, कुठले, हे काकांनी सांगितलं. बुवा क्षणभर घोटाळले. मग म्हणाले, "नाम ऐकायला बंदी न्हाई. त्या लिंबाखाली बसा. मांडवात मातूर येऊ नगा." पाणी मागितलं तर ते आमच्या ओंजळीत वरून ओतलं गेलं. मुंबईत मी हे विसरले होते, आणि माझी कानशिलं तापली. काकांनी पोटभर पाणी पिऊन मिशा पुसल्या. "पाऊस बी वरूनच येतो की," ते म्हणाले. मला काकांचाच राग आला. अजूनही थोडा आहे.

काकांना भजनाचं वेड. ते लिंबाखाली बसले ते बसलेच. मांडीवर ताल धरत दोन दिवस त्यांनी दुसऱ्यांचंच ऐकलं. काकू संतापल्या. "सांगायला आलात का ऐकायला?" काका म्हणाले, "थांब गं, चाल लई भारी हाय." काकूंनी मग आपली फेरी आपणच सुरू केली. त्यांची तऱ्हा वेगळी. त्या देवापासून आरंभ करत नाहीत, गुडघ्यांपासून करतात. कुणाच्याही अंगणाच्या कडेला उभ्या राहून आधी दुखणं विचारायचं, मग औषध सांगायचं, आणि मग जमलं तर प्रार्थना.

अशीच त्यांना बायजाबाई भेटली. तिचे गुडघे पार धरलेले, वर्षभर खाटेवर. तिचा नवरा गेनूबाबा म्हणजे रोज दुपारच्या पाळीला वीणा घेऊन उभे राहणारे म्हातारे. त्यांचा एकुलता एक मुलगा सोपान पलटणीत होता, समुद्रापलीकडे. आठ महिने त्याचं पत्र नव्हतं. गेनूबाबांनी देवाला बोलून ठेवलं होतं की या सप्ताहात दुपारची पाळी रोज मी एकटा करीन. सप्ताह निर्विघ्न पार पडला तर पोरगा सुखरूप येईल. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

सहाव्या दिवशी दुपारी

पंगत उठली होती. वारा सुटलेला. मांडवात गेनूबाबा आणि टाळ धरलेली चार माणसं एवढीच उरली होती. तेवढ्यात वेशीकडून ओरडा आला, "गंज पेटली! गंज पेटली!" टाळकऱ्यांनी टाळ टाकले आणि धावले. सारं गाव धावलं. मी उठून पाहिलं तर कडब्याची एक गंज धडाडून पेटली होती आणि वाऱ्यानं ठिणग्या शेजारच्या छपरावर पडत होत्या. ते छप्पर गेनूबाबांचं होतं.

म्हातारा जागच्या जागी खिळला होता. तोंडानं नाम चालू, डोळे धुराकडे. घरात बायको खाटेवर. वीणा खाली ठेवावी तर पोरगा जातो, धरून ठेवावी तर बायको. आयुष्यात मी कुणाच्या तोंडावर इतकी भीती पाहिलेली नाही.

काकू तर केव्हाच पदर खोचून धावल्या होत्या. काका उठले. मांडवाच्या कडेपर्यंत गेले, थांबले, आणि मग आत गेले.

"बाबा, द्या हिकडं," ते म्हणाले. "मी धरतो. खाली न्हाई ठेवनार."

गेनूबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, सगळं मिळून दोन श्वासांचा वेळ गेला असेल. मग त्यांनी मान वाकवून वीणा काढली आणि काकांच्या गळ्यात घातली.

"पोराचं नाव काय?" काकांनी मागून ओरडून विचारलं.

"सोपान!" म्हातारा धावता धावताच ओरडला.

काकांनी तारेवर बोट टाकलं. नाम तुटता कामा नये एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आपलंच भजन धरलं, दर कडव्यानंतर सोपानला सांभाळ म्हणून येशूला आळवू लागले, आणि मला डोळ्यांनी खुणावलं, पेटी! मी पेटी उचलून मांडवाच्या कडेला आणली.

आग तासाभरानं आवरली. छप्पर गेलं, भिंती राहिल्या. माणसं काळीठिक्कर होऊन परत येऊ लागली आणि मांडवात पाहून जागच्या जागी थबकू लागली. काका डोळे मिटून गात होते. बुवा पुढे आले. "हे कुनाचं नाव घेताय?" त्यांनी विचारलं.

देवाचंच नाव, असं काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ निभावता आली असती. मी असते तर तेच केलं असतं.

"येशूचं, बुवा," काका म्हणाले. तार चालूच. "मला दुसरं येत न्हाई, आन् खोटं सांगून तुमची वीणा धरायची न्हाई. ह्यांच्या सोपानला सुखरूप आन, म्हनून मागतुया."

मग जी पंचाईत झाली ती अशी. वीणा बाटली, यावर बहुतेकांचं एकमत. आता ती शुद्ध केल्याशिवाय कुणी गळ्यात घालायला तयार नाही. शुद्ध करायची तर खाली ठेवली पाहिजे. खाली ठेवली तर सप्ताह मोडला, आणि म्हाताऱ्याचा बोल गेला. एकानं सुचवलं, ह्यांच्या गळ्यात असतानाच वरून पाणी ओता. "ओता, ओता," काका तालात म्हणाले, "लई उकडतंय." पण वीणेचा भोपळा भिजेल म्हणून बुवांनी ते मना केलं. दुसरा म्हणाला, मग हे उद्यापर्यंत उभे राहतील का? काका म्हणाले, राहतो की.

तेव्हा गाव खाली बसलं आणि वाद घालू लागलं, आणि काका गात राहिले. एवढा मोठा श्रोतृवर्ग त्यांना तीस वर्षांच्या फेऱ्यांत कधी मिळाला नव्हता. पहिल्या तासात त्यांची सगळी भजनं संपली. मग त्यांनी नाताळची गाणी काढली, ऐन फाल्गुनात. मग लग्नातली. शेवटी लहान मुलांच्या रविवारच्या शाळेतलं पेरणाऱ्याचं गाणं आलं. त्यात हातवारे करायचे असतात, आणि काकांचे हात गुंतलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. का उठले ते विचारू नका. दीडशे माणसांपुढे मी, मुंबईच्या शाळेतली मास्तरीण, ओटीतून बी काढून मुठीनं फेकण्याचा अभिनय करू लागले.

"बाई, आसं कुटं पेरत्यात?" पुढे बसलेला एक शेतकरी न राहवून म्हणाला. "पाभरीनं पेरायचं आसतंय. आसं उधळलं तर वाटंवर पडंल, पाखरं खात्याल!"

"गोष्टीत तेच झालं!" काका आनंदानं गायले. "पाखरांनीच खाल्लं!"

"मग! सांगतुय काय मी?" तो शेतकरी विजयी मुद्रेनं भोवती पाहू लागला, आणि पुढे काय झालं म्हणून त्यानंच विचारलं. दगडावर पडलेल्या बियांची हकीकत ऐकून दोघा-तिघांनी, हा पेरणारा अगदीच बिनअकली, असं मत दिलं. पण चांगल्या जमिनीतल्या बियांना शंभरपट आलं म्हटल्यावर एकजण म्हणाला, "तेवढी जिमीन कुटं हाय ती सांगा." हसू पिकलं. बुवाही हसले, मग हसू आवरून गंभीर झाले.

उन्हं कलली. काकांचे पाय कापू लागलेले मला दिसत होते. सत्तावन्न वर्षांचा माणूस, दुपारपासून उभा. सुराला कंप आला होता. कुणी उठेना.

तेवढ्यात गेनूबाबा आले. एका हाताला तेलात भिजवलेला फडका गुंडाळलेला. त्यांच्यामागे लोक बायजाबाईला खाटेसकट उचलून आणत होते, आणि खाटेचा एक पाय सालोमीकाकूंच्या हातात होता. काकूंच्या पदराला भोक पडलं होतं, भुवया जळल्या होत्या.

बुवांनी म्हाताऱ्याला सगळा पेच समजावून सांगितला. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बुवा," ते म्हणाले, "माझ्या म्हातारीला ह्यांच्या बाईनं काखंत धरून जळत्या छपराखालनं भाईर काढली. मी पोचायच्या आदी. आता म्हातारीला बी शुद्ध करून घिऊ का? ती तर दोन गुडघ्यांनी आधीच बेजार हाय."

त्यांनी काकांच्या गळ्यातल्या वीणेकडे बोट केलं.

"वीना टेकली का जिमिनीला?"

"न्हाई," बुवा म्हणाले.

"नाम तुटलं का?"

बुवांनी काकांकडे पाहिलं. "तुटलं न्हाई," ते म्हणाले.

गेनूबाबा काकांसमोर जाऊन उभे राहिले आणि रिवाजाप्रमाणे वाकले. वीणा घेताना घेणारा देणाऱ्याच्या पायाला हात लावतो. काका गडबडून मागे सरले, पण म्हाताऱ्यानं भाजलेल्या हातानं त्यांच्या पायाला स्पर्श केला, आणि मग वीणा आपल्या गळ्यात घालून स्वतःचं नाम सुरू केलं. मला रडू आलं. लपवायलाही सुचलं नाही.

परत

सप्ताह पार पडला. आम्ही अर्थातच मांडवाबाहेरच होतो, पण काल्याच्या दिवशी लिंबाखाली आमच्यासाठी पत्रावळी आल्या आणि त्या वाढायला बुवा आले. वाढताना हात उंच होता का, ते मी मुद्दाम पाहिलं. थोडा होता. पूर्वीइतका नाही. त्या गावात कुणी ख्रिस्ती झालं नाही. काकांना मी विचारलं तर म्हणाले, "मी पेरनारा हाय पोरी, उगवतंय का बघत हुबं ऱ्हायाला बुजगावनं न्हाई," आणि पवळ्याच्या मानेवरची माशी उडवू लागले.

निघताना गेनूबाबा गाडीपाशी आले. माझ्या बाजूला.

"बाई, तुमी मुंबईत ऱ्हाता. तुमच्या देवळात किती मानसं जमत्यात?"

"तीनशेपर्यंत," मी म्हणाले.

"मग त्यांच्या कानावर घाला सोपानचं. मी माज्या देवाला सांगतुय, पर हितं म्या येकटा पुरा पडंना झालोय. तीनशे जन म्हंजी लई झालं."

मी हो म्हणाले. हो म्हणायला काय लागतं?

नगरला पोचलो तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. चर्चच्या पंचांनी काकांना बोलावून विचारलं, तुम्ही वीणा का धरलीत? काका म्हणाले, "खाली ठेवायची सोय नव्हती." पंचांनी तासभर विचार केला आणि त्यांना समज दिली. कसली ते काकांना अजून उमगलेलं नाही.

मुंबईत आल्यावर पहिला रविवार मी डोकं दुखतंय म्हणून घरी काढला. खरं तर दुखत नव्हतं. दुसऱ्या रविवारी गेले. पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला प्रार्थनेसाठी काही विनंती करायची आहे का? बारा वर्षं मी हा प्रश्न ऐकते आणि चपलांकडे पाहते. त्या दिवशी बाकाची कड धरून उठले.

"खर्ड्याकडच्या गेनूबाबांचा मुलगा," मी म्हणाले. आवाज माझा वाटेना. "सोपान नाव. हिंदू आहे. लढाईवर गेलाय, आठ महिने पत्र नाही. त्याच्या वडिलांनी येशूला सांगायला सांगितलंय."

पुढच्या बाकावरच्या माना वळल्या. बाहेर पडताना एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "नात्यातला आहे का तुमच्या?"

इतके दिवस असा प्रश्न आला की मी पावसावर जात असे. त्या दिवशी मी त्यांना पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, गंजीपासून वीणेपर्यंत, कुणासाठी काय मागितलं तेही. त्यांची ट्राम चुकली.

सोपानचं पत्र अजून आलेलं नाही. काकांच्या दर कार्डात शेवटी तेवढं वाक्य असतं. मी दर रविवारी उभी राहते, आणि दर रविवारी आधी बाकाची कड धरते.